लवंगा वाळत होत्या ते दिवस

शारजात ऑक्टोबर संपत आला की एक दिवस सून एसी बंद करते. पाच-सहा महिने घरघरणारं यंत्र थांबतं आणि घरात एकदम मोकळं-मोकळं होतं. इतके दिवस त्या आवाजाच्या आड आपण राहिलेलो असतो. तो गेला की खालच्या रस्त्यावरची भांडणं, मशिदीतली बांग, शेजारच्या मलबारी बाईच्या कुकरच्या शिट्ट्या, सगळं आत येतं. त्याच्यामागून जे यायला नको तेही येतं.

नात म्हणते, "आजी, इट्स सो नाइस, नो?"

मी म्हणते, "हो, नाइस."

तिला काय सांगणार? मला त्या दिवशी लवंगेचा वास येतो. घरात लवंग असते ती डब्यात, मूठभर. तिचा हा वास नव्हे. हा ओल्या लवंगेचा, अर्धवट वाळलेल्या, उन्हात तापलेल्या लवंगेचा वास. तो आला की मी गॅलरीत जाऊन उभी राहते. मागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं. वळून बघत नाही. वळून बघितलं तर कोणी नसतं, हे मला ठाऊक आहे, आणि कोणी नसलेलं बघायचा मला कंटाळा आला आहे.

हा वास पेंबाचा. पेंबा हे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं बेट. मी तिथे एकदाच गेले, एकाच हंगामात. प्रकाशचं, म्हणजे माझ्या मुलाचं, लग्न तेव्हा व्हायचं होतं. गेले ती बीबीबरोबर.

बीबी म्हणजे मी जिच्याकडे काम करायची ती म्हातारी. त्याआधी मी दुबईत ऊद मेथाला मुंबईच्या एका कुटुंबात मुलं सांभाळायला होते. ते परत गेले तेव्हा त्यांनीच मला बीबीच्या मुलाकडे लावून दिलं. घर अरबांचं, पण बीबी बोलायची स्वाहिली. तिकडून पळून आलेली अशी अरब माणसं दुबईत पुष्कळ आहेत. पासपोर्ट इथला, जीभ तिथली. पेंबाची माणसं करणी करतात असं इथल्या जुन्या बायका म्हणायच्या, म्हणून बीबीला जरा टरकून असायच्या. बीबीला ते आवडायचं. "चांगलं आहे," म्हणायची, "माझ्याशी कोणी भांडत नाही."

लहानपणी तिच्या घराशेजारी गुजराती दुकानदार होते, त्यामुळे तिला मोडकं हिंदी येत होतं. माझंही हिंदी मोडकंच. दोन मोडकी हिंदी एकमेकांना बरी समजतात. मला ती 'दादा' म्हणायची. त्यांच्यात बहिणीला दादा म्हणतात. मी सांगितलं, आमच्यात दादा म्हणजे मोठा भाऊ. म्हणाली, "मग बरोबर आहे. तुझ्यात बाईचं काय आहे?"

कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. मी तिच्या पायांना तेल लावत होते. तिने माझ्या कपाळाकडे बोट केलं.

"हे कशासाठी?"

"नवरा आहे म्हणून."

"कुठे आहे?"

"माहीत नाही."

"मग आहे कसा?"

मी तेल लावत राहिले.

नवरा खलाशी होता. रत्नागिरीच्या बाजूला आमचं गाव, समोर खाडी. तो लॉंचीवर गल्फला गेला तेव्हा प्रकाश अंगणात रांगत होता. दोनेक वर्षं पत्रं आली, पैसे आले. मग थांबले. कोणी म्हणालं, बसऱ्याच्या वाटेवर एक लॉंच बुडाली, तीत होता. कोणी म्हणालं, बहरीनला दिसला, अंगावर अरबांचा पायघोळ पांढरा कंदुरा होता, हाक मारली तर गर्दीत शिरला. ज्याने सांगितलं तो दारू प्यायचा. बुडाला असं जो म्हणाला तोही प्यायचा. मी पुढे इथे आले तेव्हा गावात बोलले, नवऱ्याला शोधायला गेली. मी पोट भरायला आले होते. पण मासळी बाजारात, बसमध्ये, दुबईच्या खोरीच्या, म्हणजे तिथल्या खाडीच्या, काठाला, त्याच्यासारखा खांदा थोडा वाकडा टाकून चालणारा माणूस दिसला की माझी पावलं आपोआप मंद व्हायची. एवढं खरं.

बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की आमच्यात पळसविधी करतात. पळसाच्या पानांचा माणूस रचतात, दर्भाने बांधतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याला अग्नी देतात. त्या दिवसापासून तो माणूस मेला. बायकोने कुंकू पुसायचं. बारा वर्षं होऊन गेली होती. धाकटा दीर मागे लागला होता आणि मी नाही म्हणत होते. का नाही म्हणता, असं विचारलं तर मला सांगता येत नव्हतं. प्रेमबीम काही नव्हतं. दोन-तीन वर्षांचा संसार, त्यातला अर्धा वेळ तो पाण्यावर. पण जिवंत माणसाला जाळलं तर? हे मनातून जाईना.

मग प्रकाशचं लग्न जुळत आलं. तो तेव्हा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम करायचा. मुलगी शेजारच्या गावची, चांगली. तिच्या वडिलांनी एकच गोष्ट विचारली आणि ती सरळ विचारली. पत्रिका छापायची आहे. मुलाच्या वडिलांच्या नावाआधी 'श्री.' लिहायचं की 'कै.'? दोन्हीपैकी एक ठरवा, मग पुढे बोलू. त्यांचं काही चुकलं नाही. माझी मुलगी असती तर मीही विचारलं असतं.

दिराचा फोन आला. गावात वाण्याच्या दुकानात फोन होता, तिथून ओरडून बोलायचा.

"वहिनी, या दिवाळीच्या आत करून टाकू. भटजींशी बोललोय."

"आणि आला तर?"

"त्याचीही सोय आहे शास्त्रात. आला तर त्याला तुपाने न्हाऊ घालायचं आणि पुन्हा बारसं करायचं."

"पन्नाशीच्या माणसाचं बारसं? नाव काय ठेवायचं?"

"वहिनी, थट्टा सोडा. पोराचं अडलंय."

पोराचं अडलं होतं. प्रकाश मला काही बोलत नव्हता, शुक्रवारी यायचा, जेवायचा, ताट धुवायचा, जायचा. एकदाच म्हणाला, "आई, तू काय ठरवशील ते. पण ठरव." मी दिराला सांगितलं, दिवाळीपर्यंत थांबा.

त्याच दिवसांत बीबीने धरलं की तिला पेंबाला जायचं. तिची गोष्ट मला तोवर कळली होती. ती तरुण असताना तिकडे राज्य पालटलं, अरबांची धरपकड झाली. तिला आणि तिच्या मुलांना नातेवाइकांनी रातोरात बोटीत घातलं. नवरा सालिम मागे राहिला. त्याला दुसऱ्या बेटावर तुरुंगात नेलं. पुढे दुबईत निरोप आला की तो तुरुंगात मेला. मग तिने इद्दत पाळली. विधवेने चार महिने आणि वर काही दिवस घराबाहेर पडायचं नाही, नटायचं नाही, सुगंध लावायचा नाही, तशी ती एका खोलीत बसली. संपल्यावर उठली, आंघोळ केली आणि शिवणकाम करून तिने मुलं वाढवली. आता तिला त्या घरापर्यंत जायचं होतं. तुरुंगातल्या माणसाची कबर काही सापडणार नाही, पण घराच्या दारात उभं राहून गेलेल्यासाठी फातिहा म्हणायचा होता.

मुलगा म्हणाला, "अम्मा, काय आहे तिकडे? लाइट नाही, रस्ते नाहीत."

"लाइट बघायला कोण चाललंय?"

"तुझं सगळं कोण करणार?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही. मेले तर ओरडायला आवाजही मोठा आहे तिचा."

शेवटचा टप्पा बोटीचा होता. मी लहानपणापासून पाणी बघितलेली बाई, पण त्या बोटीत मी लोखंडी दांडा धरून बसले. पाणी काळंनिळं आणि अगदी गप्प. मी त्याच्याकडे न बघायचं ठरवलं होतं आणि बघतच राहिले. इतकी वर्षं मी आमच्या खाडीकडे किंवा दुबईच्या खोरीकडे बघून कधी घाबरले नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं, की बुडालेला माणूस कुठे जात असेल? पाण्याला तर कुठली हद्द नाही. तो इथेही असेल, या बोटीच्या खाली.

बीबी म्हणाली, "दादा, डरती है?"

मी म्हटलं, "मळमळतंय."

बेटावर उतरले आणि मला धक्का बसला. लाल माती. फणस. आंबा. केळीच्या बागा, माडांची रांग, चिखलात रुतलेल्या होड्या, सुकत घातलेली मासळी. घरं मातीची, वर माडाच्या झावळ्या. बायका डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या. परसात एक म्हातारी लाकडी घडीच्या विळीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेली, खोबरं खवत होती. माझी सासू अशीच बसायची. वळणावर आमच्या देवळाचं तळं दिसणार असं वाटलं, आणि वळणावर खरंच एक तळं होतं. फक्त देऊळ नव्हतं.

गाव माझं होतं आणि मला कोणी ओळखत नव्हतं. पोरं बघत होती, बायका पुटपुटून पुढे जात होत्या. मेलेलं माणूस आपल्या गावात परत येत असेल तर त्याला असंच दिसत असणार. सगळं जागच्या जागी, आणि आपण कुणाच्या खिजगणतीत नाही. मी त्या दिवशी स्वतःचा हात चिमटीत धरून बघितला. हसू नका.

मोटारी जवळजवळ नव्हत्या. आवाज म्हणजे पाखरांचा, माडांचा आणि उखळाचा. आणि सगळीकडे लवंगा. हंगाम भरात होता. पुरुष आणि पोरगे झाडावर चढून गुच्छ तोडत, बायका अंगणात बसून गुच्छ तळहातावर रगडून कळ्या सुट्या करत. घरापुढे, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या पटांगणात, मशिदीच्या पायऱ्यांशी चटयाच चटया. हिरव्या कळ्या उन्हात तांबूस होत, मग तपकिरी. वास असा की पहिल्या दिवशी छान वाटतो, दुसऱ्या दिवशी डोकं धरतं, तिसऱ्या दिवशी कळत नाही. आणि मग जन्मभर सोडत नाही.

मधूनमधून मोठी दगडी घरं होती, पळून गेलेल्यांची. छपरं कोसळलेली, भिंतीतून झाडं आलेली, खिडक्यांतून माकडं बघणारी. त्यांच्यापुढे कोणी लवंगा वाळत घालत नव्हतं. बीबी प्रत्येक घरापुढे थांबून मालकाचं नाव सांगायची. हा मस्कतला गेला, हा मारला गेला, याचं काही कळलं नाही. आमच्या वाडीत पावसाळ्याआधी कोणाचं छप्पर शाकारायचं राहिलं ते सांगतात ना, त्याच आवाजात.

तिचं घर मात्र उभं होतं. दोन खोल्या शाकारलेल्या, बाकीच्या पडलेल्या. दाराबाहेर दगडी ओटा. पुढे चटया, त्यावर लवंगा.

तिकडे कोणाच्या दारात गेलं की बाहेरून "होदी" म्हणतात. आतून "करीबू" आलं तर जायचं. हाक देऊन उत्तर नाही आलं तर मागे फिरायचं. बीबी आपल्या घराच्या दारात उभी राहिली. तिने पदर नीट केला, म्हणजे ते अंगावरचं काळं वस्त्र, आणि म्हणाली, "होदी."

स्वतःच्या घराला.

आतून बाईचा आवाज आला, "करीबू."

बाहेर आली ती माझ्याच वयाची, काळीसावळी, उंच, हात लवंगांनी तपकिरी झालेले. तिचं नाव सलमा. दोघी बोलू लागल्या. मला भाषा कळत नव्हती, पण सुरुवातीचं रामराम-श्यामराम कोणत्याही भाषेत कळतं. मग सलमाने काहीतरी विचारलं, बीबीने आपलं नाव सांगितलं, आणि सलमाने हातातलं सूप खाली ठेवलं. "पोले," म्हणाली. हा शब्द मला माहीत होता. वाईट वाटलं की तिकडे म्हणतात. ती आणखी थोडं बोलली. बीबी ओट्यावर बसली.

मी जवळ गेले. "काय म्हणते?"

"हिचा नवरा वारला. गेल्याच्या गेल्या हंगामात."

"वाईट झालं."

"सालिम नाव होतं त्याचं."

मी म्हटलं, "तुमच्यात सालिम ढिगाने असतात."

"हो," बीबी म्हणाली. "पण हे घर एकच आहे."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी पाणी मागितलं.

पुढच्या दिवसांत मला सगळं कळत गेलं, बीबी तुकड्या-तुकड्याने सांगायची. सालिम तुरुंगात मेला नव्हता. काही वर्षांनी सुटला, अंगावर नुसती हाडं घेऊन घरी आला. घराच्या दोन खोल्या त्याला मिळाल्या. त्याने बायकोमुलांची चौकशी केली. दुबईला जाऊन आलेल्या एका खलाशाने सांगितलं, मुलं सुखरूप आहेत, बायकोने तुझी इद्दत पाळली, पुरी केली, आणि उठली. सालिम म्हणाला म्हणे, तिने माझं रडून घेतलंय. आता मी उठून बसलो तर तिचं रडणं फुकट जाईल. त्या खलाशाला त्याने शपथ घातली आणि प्रकरण मिटवलं. नंतर कधीतरी सलमाशी निकाह केला.

"तुला माहीत होतं?" बीबीने तिला विचारलं.

"होतं. तो लपवायचा नाही. स्वतःला मरहूम, म्हणजे गेलेला, म्हणायचा. जेवताना म्हणायचा, मरहूमला अजून थोडा भात वाढ."

"भात अजून तितकाच खायचा?"

"त्याहून जास्त."

बीबी हसली. मी तिच्याकडे बारकाईने बघत होते, रडेल म्हणून. ती हसली आणि मग तिने सलमाला विचारलं, "तू कुठल्या खोलीत बसलीस?"

सलमाने खोली दाखवली. एक बाज, एक कोनाडा, उंचावर छोटी खिडकी. नवऱ्याच्या मरणानंतर ती तिथे बसली होती, चार महिने आणि वरचे दिवस. बीबी आत गेली, बाजेवर बसली, वर खिडकीकडे बघितलं. तिची खोली दुबईत होती, तिला खिडकीच नव्हती. दोन बायका एकाच माणसाला दोनदा रडल्या होत्या. पहिल्या खेपेला तो जिवंत होता.

मी दाराशी उभी होते. तेव्हा मला वाटलं, त्या बाजेवर अजून जागा आहे. तिसरीसाठी. मी खोबरं खवायला निघून गेले.

आम्ही तिथेच राहिलो. सलमाने सोडलंच नाही. दिवसभर आम्ही तिघी अंगणात बसून लवंगा रगडायचो. मला हात पटकन साधला. सलमा बीबीला काहीतरी म्हणाली, दोघी हसल्या.

"काय?"

"म्हणते, ही कामाची आहे, ठेवून जा."

"सांगा तिला, पगार काय देणार?"

"म्हणते, जेवण आणि मेलेला नवरा."

"तो माझ्याकडे आहे," मी बोलून गेले. तोंडातून निघालं तसं निघालं. बीबीने ते सलमाला सांगितलं नाही. माझ्याकडे बघत राहिली फक्त.

एका दुपारी ढग आले. त्या दिवसांत तिथे अचानक सर येते. वाळत आलेली लवंग भिजली तर काळी पडते, वाया जाते. आम्ही तिघी चटया ओढत धावलो. बीबीचे गुडघे धड नव्हते, तरी चटईचं एक टोक धरून फरफटत आली. शेवटची चटई आत आली आणि पाऊस कोसळला. दारात उभ्या राहून आम्ही धापा टाकत होतो. बीबीने मागे वळून, आतल्या अंधाराकडे बघून, काहीतरी म्हटलं. सवयीच्या आवाजात, चढ्या सुरात. सलमाचा चेहरा उतरला.

मी नंतर विचारलं, काय म्हणालात. बीबी म्हणाली, "सालिमला ओरडले. म्हटलं, बसलास काय, हात लाव." आणि मग, "दादा, तो आत होता. मी बघितला नाही. पण होता."

मी तिला वेड लागलं असं म्हटलं नाही. मलाही आत कोणीतरी असल्यासारखं वाटलं होतं. माझा वेगळा असेल.

कबर मागच्या परसात होती, लवंगेच्या झाडाखाली, भोवती समुद्राचे पांढरे दगड. बीबीने हात पसरून फातिहा म्हटला. मग खाली वाकून काही बोलली. परत येताना मी विचारलं.

"विचारलं, गार तर लागत नाही ना. दुसरं काय विचारायचं ते सुचलं नाही."

निघण्याच्या आदल्या दिवशी मी तिला सरळ म्हटलं, "बीबी, आता तुम्ही पुन्हा बसणार का? इद्दतीला?"

तिने मान हलवली. "इद्दत मरणाच्या दिवसापासून मोजतात. कळल्याच्या नाही. तो दोन वर्षांपूर्वी गेला. मुदत केव्हाच संपली." ती सूप हलवत होती, लवंगांतला कचरा वर येत होता. "पहिली बसले ती खोट्यासाठी. दुसरी माझ्या नकळत सरून गेली. मला रडायला दिवसच उरले नाहीत, दादा."

ती काही उपदेश करणारी बाई नव्हती. माझ्या नवऱ्याचं तिने त्या सगळ्या दिवसांत नावही काढलं नाही. पण बोटीत परत येताना मी पाण्याकडे बघत बसले आणि माझं माझं मला दिसायला लागलं. सालिम मेला, कारण त्याला बातमी पोचली की त्याला रडून झालंय. म्हणजे माणसाला मारायला बातमी पुरते. आणि मी काय करत होते? रोज सकाळी टिकली लावत होते. आमच्या गावची माणसं गल्फभर आहेत. बहरीन, कुवेत, मस्कत, जिथे बंदर तिथे आमचा एकतरी. माझा नवरा जिवंत असेल तर त्याला कोणीतरी सांगतच असेल, तुझी बायको अजून कुंकू लावते. जागा राखलेली आहे म्हटल्यावर यायची घाई कोणाला असते? आणि मेला असेल, तर तो त्या काळ्यानिळ्या पाण्यात इतकी वर्षं वाट बघत होता, कोणीतरी रडेल म्हणून. दोन्हीकडून मीच त्याला लोंबकळत ठेवला होता, किंवा त्याने मला. कोणी का असेना, दोर कापायचा होता.

दुबईत परत आल्यावर कार्डाच्या फोनवरून गावच्या वाण्याकडे फोन लावला. दिराला बोलवायला पाठवलं. धापा टाकत आला.

"भावजी, करा विधी."

इतकी वर्षं मागे लागलेला माणूस, हो म्हटल्यावर घाबरला. "वहिनी, नक्की? उद्या दादा दारात उभा राहिला तर?"

"जेवायला वाढीन. कुंकू पुन्हा लावायची नाही."

"आणि बारसं?"

"ते तुम्ही करा. घुगऱ्या मी पाठवीन."

तो हसला आणि हसता हसता रडायला लागला. भाऊ होता त्याचा. मला तोवर हे लक्षातच आलं नव्हतं, की तोही वाट बघत होता.

विधी मुलाने करायचा असतो. प्रकाश गावी गेला. मी गेले नाही, बीबी तेव्हा आजारी होती. ज्या दिवशी नदीवर पानांचा माणूस जाळला, त्या सकाळी मी आरशापुढे उभी राहून टिकली काढली. तिच्याखाली कपाळाचा वेगळा रंग होता, गोल. बीबीच्या खोलीत गेले. तिने बघितलं. बाजूला सरकली आणि पलंगावर जागा केली. मी बसले. थोड्या वेळाने उठून स्वयंपाकाला लागले.

प्रकाश परत आला तेव्हा मी दार उघडलं आणि क्षणभर आत घेतलंच नाही. डोकं भादरलेलं, उन्हाने रापलेला, प्रवासाने एक खांदा खाली पडलेला. तो म्हणाला, "आई, मी आहे." लग्न फाल्गुनात झालं. पत्रिकेवर 'कै.' छापलं. छान छापलं होतं, सोनेरी अक्षरांत.

बीबी त्यानंतर तीनेक वर्षं होती. पेंबाहून आल्यावर तिला एक सवय लागली. आपल्याच खोलीच्या दाराशी थांबायची आणि "होदी" म्हणायची. मग जरा वाट बघून आत जायची. तिची सून म्हणायची, अम्माचं डोकं गेलं, खलास. मी तिच्या हाताला धरून आत नेत असे, म्हणून मला माहीत आहे. डोकं ठणठणीत होतं. ती उत्तराला थांबायची. आणि ज्या दिवशी उत्तर आलं असेल त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर ते दिसायचं.

माझ्याकडे मात्र विधीनंतर काही वर्षं कोणी आलं नाही. बसमध्ये, बाजारात पावलं मंद व्हायची थांबली. मला वाटलं, सुटले. मग गेल्या वर्षीपासून, हा एसी बंद व्हायच्या दिवसांत, मागे कोणी उभं असल्यासारखं व्हायला लागलं. त्याला कारण घडलं. ते सांगते.

आमच्या वाडीतला सदू रास अल खोरच्या घाऊक बाजारात माल उतरवायला असतो. सुट्टीच्या दिवशी कधीतरी येतो, सून त्याला मासळी खायला घालते. गेल्या वर्षी आला, जेवला, हात पुसत म्हणाला, "काकी, एक गंमत झाली. परवा बाजारात एक म्हातारा भेटला. कांद्याच्या ट्रकाबरोबर आला होता. मी फोनवर गावची भाषा बोलत होतो, ती ऐकून जवळ आला. म्हणाला, कुठला? मी वाडी सांगितली. तर म्हणाला, त्या वाडीतला एक खलाशी हरवला होता ना, त्याचा विधी केला का घरच्यांनी?"

सून ताटं उचलत होती. प्रकाश आत नातीला झोपवत होता.

"मी म्हटलं, हो, झाला की, कधीच. तर म्हणाला, कोणी केला? म्हटलं, मुलाने. तर 'बरं झालं' म्हणाला. चहा पाजतो म्हटलं तर थांबला नाही, ट्रकात चढला."

मी सुपारी कातरत होते. कातरत राहिले. तो कसा दिसत होता, हे मी सदूला विचारलं नाही. खांद्याचंही नाही. कुठलाही कोकणातला जुना माणूस असेल, कानावर गोष्ट आलेली असेल, चौकस असेल. असतात.

सदू चपला घालत होता. म्हणाला, "पुन्हा भेटला तर काय सांगू, काकी?"

"सांग," मी म्हटलं, "नदीवर केलं. पोराने नीट केलं सगळं, काही राहिलं नाही."